शहराला 'सांस्कृतिक' कोण करतं?

पाटीवाचक

आधीच सांगून ठेवतो, हा पुणे-मुंबई-कोल्हापूर-नागपूर धागा नाही. तसले शंभर-शंभर प्रतिसादांचे धागे आपल्याकडे रग्गड आहेत आणि त्यातल्या एकातही कुणी कुणाचं मत बदललेलं माझ्या पाहण्यात नाही. स्वतःच्या गावाचा विषय निघाला की आपण सगळे त्याचं वकीलपत्र घेतो, म्हणून मुद्दाम लांबची शहरं घेतोय.

काही शहरं 'सांस्कृतिक' म्हणून ओळखली जातात, काही नाही. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: तिथल्या मातीतच आहे ते. मला हे मातीचं प्रकरण कधी पटलेलं नाही. रसिक माणसं सगळीकडे असतात, गाणारी-नाचणारीही असतात. माझ्या मते शहराचं नाव होतं ते चार जणांच्या गरजेतून, कुणाच्या तरी पैशातून आणि मुख्य म्हणजे तीच गोष्ट दरवर्षी त्याच सुमाराला रेटत राहिल्याने. परंपरा मागाहून शोधली जाते.

साल्झबुर्ग म्हटलं की मोझार्ट. १७५६ साली तो तिथे जन्मला हे खरं. पण त्या गावाचा आणि तिथल्या आर्चबिशपच्या चाकरीचा त्याला इतका वीट आला होता की १७८१ मध्ये ती चाकरी सुटली आणि त्याने व्हिएन्नात मुक्काम ठोकला. निरोप म्हणून आर्चबिशपच्या कारभाऱ्याने लाथ घातली, हे त्याच्याच पत्रात आहे. साल्झबुर्गात त्याचा पुतळा उभा राहिला १८४२ साली, तो जाऊन पन्नास वर्षं उलटल्यावर. आणि ज्या उत्सवामुळे जग आज त्या शहराला संगीताचं शहर म्हणतं तो सुरू झाला थेट १९२० मध्ये. महायुद्ध हरलेलं, साम्राज्य मोडलेलं, ऑस्ट्रिया एवढासा उरलेला; लष्करात आणि नकाशावर मिरवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, राहिलं होतं ते संगीत. पुढाकार घेणारे मुख्य तिघे, दिग्दर्शक माक्स राइनहार्ट, लेखक ह्यूगो फॉन होफमान्स्टाल आणि संगीतकार रिचर्ड स्ट्राउस. तिघांतला एकही साल्झबुर्गात जन्मलेला नाही.

आता एडिंबरा. धुरकटलेलं गाव म्हणून त्याला जुनं टोपणनाव होतं. दुसरीकडे तिथल्या शिष्टांना आपलं शहर म्हणजे 'उत्तरेचं अथेन्स' वाटायचं. ते सिद्ध करायला त्यांनी १८२६ मध्ये कॅल्टन टेकडीवर अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या धर्तीवर युद्धस्मारक बांधायला घेतलं. १८२९ मध्ये पैसे संपले. बारा खांब उभे राहिले, काम तिथेच थांबलं, आणि लोक त्याला 'एडिंबराची नाचक्की' म्हणू लागले. थोडक्यात, नुसतं ठरवून आणि खांब उभारून अथेन्स होता येत नाही.

मग झालं ते १९४७ मध्ये. दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षं, ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू. रुडॉल्फ बिंग हे मूळचे व्हिएन्नाचे गृहस्थ, नाझींमुळे जर्मनीतलं काम सोडून इंग्लंडात आलेले आणि ग्लाइंडबोर्नच्या ऑपेराची व्यवस्था पाहणारे. त्यांच्या डोक्यात साल्झबुर्गसारखा उत्सव होता. ऑक्सफर्डचाही विचार झाला होता. शेवटी एडिंबरा ठरलं, कारण गाव देखणं, किल्ला आहे, बॉम्बफेकीतून बरंचसं वाचलेलं आणि तिथला नगरप्रमुख पाठीशी उभा राहिला. रात्री किल्ल्यावर दिव्यांचे झोत सोडायला इंधन टंचाईमुळे सरकारने मनाई केली, तेव्हा गावच्या लोकांनी आपापल्या वाट्याचा कोळसा देऊ केला आणि मग परवानगी मिळाली. २००४ मध्ये युनेस्कोने 'साहित्यनगरी' हा पहिलावहिला किताब याच शहराला दिला.

ऑक्सफर्डचं जमलं असतं तर आज एडिंबराच्या मातीबद्दल कोण बोललं असतं? मतं येऊ द्या.


तिरकस

जागा अडवून ठेवतोय. सविस्तर नंतर.


खडूस आजोबा

माहिती उत्तम, निष्कर्ष अर्धवट.

पाटीवाचकराव, तुम्ही एडिंबराची गोष्ट नेमकी जिथे रंगते तिथेच सोडली आहे. १९४७ च्या त्या पहिल्या उत्सवात आयोजकांनी निवडून बोलावलेली मंडळी होती, पण त्यांच्याखेरीज आठ नाटक मंडळ्या आपल्या आपण येऊन धडकल्या. कुणी बोलावलं नव्हतं, मानधन नव्हतं, मिळेल त्या सभागृहात त्यांनी प्रयोग लावले. एका मंडळीला तर शहरात जागाच नव्हती. त्यांचा प्रयोग लांब डनफर्मलिन गावच्या ॲबीत, म्हणजे जुन्या मठात झाला. पुढे याच उपटसुंभ मंडळींचा 'फ्रिंज', म्हणजे कडेचा उत्सव, झाला आणि आज तो मूळ उत्सवाहून कितीतरी मोठा आहे. जगातली पोरं ऑगस्टमध्ये एडिंबराला पळतात ती बिंगसाहेबांच्या ऑपेरासाठी नव्हे, या फ्रिंजसाठी.

त्यामुळे चार जणांनी ठरवलं, पैसे घातले आणि नाव झालं हे सूत्र मला मान्य नाही. ठरवणाऱ्यांनी दार उघडलं एवढंच. आत कोण घुसलं ते त्यांच्या हातात नव्हतं, आणि नाव घुसलेल्यांनी काढलं. हल्ली जिथे तिथे महोत्सव ठरवून होतात, प्रवेशिका, परीक्षक, प्रायोजक सगळं जागच्या जागी असतं आणि तिसऱ्या वर्षी बंद पडतात, ते का याचा विचार करा.


पाटीवाचक

आजोबा, आठ मंडळ्या आल्या हे बरोबर. पण त्या एडिंबरालाच का आल्या, त्याच आठवड्यांत का आल्या? कारण प्रेक्षक आणि पत्रकार तिथे जमणार हे ठरलेलं होतं. ती गर्दी बिंग यांच्या वेळापत्रकाने जमवली. न बोलावलेल्या पाहुण्यालासुद्धा लग्न कुठे आहे ते माहीत असावं लागतं.


आडवाटेची

तुमच्या या भांडणात एक गंमत घालते. त्या डनफर्मलिनच्या ॲबीत झालेलं नाटक म्हणजे 'एव्हरीमन', मध्ययुगातलं इंग्रजी नीतिनाट्य. आणि १९२० मध्ये साल्झबुर्गचा उत्सव ज्या नाटकाने सुरू झाला ते होफमान्स्टालचं 'येडरमान' याच नाटकावरून केलेलं. तेही नाट्यगृहात नाही, कॅथेड्रलसमोरच्या चौकात. एकीकडे तो अधिकृत उत्सवाचा शुभारंभ, दुसरीकडे न बोलावलेल्यांचा शहराबाहेरचा प्रयोग, नाटक एकच. साल्झबुर्गात ते अजूनही दर उन्हाळ्यात त्याच चौकात होतं.

अवांतर: तुम्ही राइनहार्टचं नाव घेतलंत. तो ज्यू. त्याच्याच उत्सवाच्या गावातला त्याचा वाडा नाझींनी जप्त केला आणि तो अमेरिकेत वारला. शहराच्या कीर्तीचं श्रेय आणि शहरात राहायची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.


फिरस्ता

आडवाटेची यांच्या शेवटच्या वाक्याला +१०००, आणि तिथूनच पुढे जातो. मला वाटतं दोघंही मूळ गोष्टीच्या शेजारून चालला आहात. शहराचं सांस्कृतिक नाव बहुतेक वेळा अशाच गोष्टीवर उभं राहतं जिची त्या शहराला आधी लाज वाटत होती.

अमेरिकेतलं न्यू ऑर्लीन्स. जॅझ संगीताचं माहेर, विमानतळापासून तसबिरी सुरू. पण जून १९१८ मधला तिथल्या प्रमुख वर्तमानपत्राचा, 'टाइम्स-पिकायून'चा अग्रलेख काय म्हणतो? हा प्रकार आपल्या शहरात जन्मला असं लोक म्हणतात, पण या पोराचं बापपण आम्हाला मान्य नाही, आणि सभ्य समाजात त्याला थारा देणाऱ्यांत आपण शेवटचे असलं पाहिजे. इथलाच जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग १९२२ मध्ये शिकागोला गेला तो गेलाच. जगात नाव काढलं, पण १९५६ मध्ये लुइझियानाने गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र कार्यक्रमांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्याच्या बँडमध्ये दोन्ही रंगांची माणसं होती. त्याने अनेक वर्षं स्वतःच्या जन्मगावी कार्यक्रमच केला नाही. त्याचं जन्मघर १९६४ मध्ये सरकारी इमारतीसाठी पाडलं. आणि २००१ मध्ये विमानतळाला त्याचं नाव!

ब्राझीलमधल्या रिओचंही तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांबा हे तिथलं नाचगाणं वाजवणाऱ्यांच्या मागे पोलीस लागायचे. सांबा मंडळांची पहिली मोठी स्पर्धा १९३२ मध्ये भरवली ती एका क्रीडापत्राने, कारण फुटबॉलचा हंगाम संपला होता आणि पानं भरायला बातम्या नव्हत्या. पुढे सरकारला राष्ट्रीय संस्कृती हवी झाली, मग सांबा राष्ट्रीय. १९८४ मध्ये ओस्कार निमायरसारख्या वास्तुविशारदाने सांबाच्या मिरवणुकांसाठी कायमची प्रेक्षक-गॅलरी बांधली. म्हणजे आधी हाकला, मग कुणीतरी बाहेरचा वाखाणतो, मग तिकीट लावा.

पाटीवाचक म्हणतात परंपरा मागाहून शोधली जाते. शोधली जाते हे खरं, पण कुठून? ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांच्याकडून.


बाराखडी

धागा वाचनखुणेत टाकला. फिरस्ता यांचा प्रतिसाद वाचून आपल्याकडची तमाशा आणि लावणी आठवली नसेल असा माणूस विरळा, पण धागाकर्त्याने बंदी घातली आहे म्हणून गप्प.


पुणेरी_पगडी

बंदी-बिंदी ठीक आहे, पण खरी सांस्कृतिक राजधानी कुठली हे सगळ्यांना माहीत आहे. बाकी चालू द्या.


संपादक

वरच्या प्रतिसादाला आलेले उपप्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा काश्मीर करू नये ही विनंती.


चुनाविटा

माझ्या धंद्यातला विषय आहे म्हणून जरा लांबण लावतो.

मी वास्तुविशारद. मोठ्या सार्वजनिक कामांच्या बैठकांना बसणं होतं. दर दोन-तीन बैठकांत कुणीतरी मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, आपल्याला असं काहीतरी करायचं, लोक बघायला आले पाहिजेत. फोटो नव्वद टक्के वेळा एकच असतो: स्पेनमधल्या बिल्बाओचं गुगेनहाइम म्युझियम. वास्तुविशारद फ्रँक गेरी, ऑक्टोबर १९९७, टायटॅनियमचे पत्रे, वळलेल्या भिंती. एक म्युझियम बांधलं आणि गंजलेलं बंदराचं गाव जगाच्या नकाशावर आलं, ही कथा इतकी गुळगुळीत झालीय की तिच्यातलं खरं काय ते कुणी विचारत नाही.

खरं असं. बिल्बाओ पोलादाचं आणि जहाजबांधणीचं शहर. १९८० च्या दशकात दोन्ही धंदे बसले, गोद्या बंद झाल्या, कामगारांच्या आणि पोलिसांच्या रस्त्यावर चकमकी झाल्या. त्यात ऑगस्ट १९८३ मध्ये महापूर आला. शहराच्या मधून जाणारी खाडी म्हणजे कारखान्यांचं गटार होतं. ती साफ करायचं काम म्युझियमची कुणाला कल्पनाही नव्हती तेव्हा सुरू झालं, काही दशकं चाललं आणि म्युझियमच्या खर्चाच्या कितीतरी पट पैसा त्यात गेला. नॉर्मन फॉस्टरने आखलेली मेट्रो १९९५ मध्ये धावू लागली. नदीकाठची रेल्वेची आणि बंदराची पडीक जमीन सोडवायला १९९२ मध्ये केंद्र आणि स्थानिक संस्थांनी मिळून एक कंपनी काढली. बिल्बाओ ज्यात येतं त्या बास्क प्रदेशाला करवसुलीचे स्वतःचे अधिकार आहेत, म्हणून त्यांच्या हातात पैसा होता. एवढं सगळं झाल्यावर त्या स्वच्छ होत चाललेल्या पाण्याच्या कडेला ती चकचकीत इमारत आली. फोटोत इमारत येते, सांडपाण्याच्या वाहिन्या येत नाहीत.

शिवाय गावात आनंदीआनंद होता असंही नाही. होर्हे ओतेइझा हा बास्क शिल्पकारांतला मोठा माणूस, त्याने या प्रकल्पाला कडाडून विरोध केला. अमेरिकन फौंडेशनला पैसे द्यायचे आणि इथले कलावंत वाऱ्यावर, अशी तक्रार होती. उद्घाटनाच्या काही दिवस आधी एटा या बास्क फुटीरतावादी सशस्त्र संघटनेचे लोक माळी बनून फुलांच्या कुंड्यांत स्फोटकं घेऊन आले. त्यांना हटकणाऱ्या पोलिसाचा जीव गेला.

आणि नकला? स्पेनमध्येच बघा. सांतियागो दे कोम्पोस्तेलाला टेकडीवर 'संस्कृतीचं शहर' उभारायला घेतलं, पीटर आयझेनमनचा आराखडा, खर्च मूळ अंदाजाच्या पलीकडे वाढत गेला, २०१३ मध्ये उरलेलं काम कायमचं थांबवलं. सांतियागोला हजारेक वर्षांची तीर्थयात्रा आहे, लोक आजही शेकडो किलोमीटर चालत तिथे येतात. त्या गावाला ओळख कमी होती का? पण शेजारच्याकडे म्युझियम आलं ना.

बैठकीत हे सगळं सांगितलं की समोरचे मान हलवतात आणि विचारतात, मग टायटॅनियम नको, दुसरं स्वस्त काय मिळेल?


खडूस आजोबा

हा हा. शेवटच्या वाक्याला दाद.


कावळेकाकू

चुनाविटा, प्रतिसाद नव्हे, लेखच झाला. वेगळा धागा काढा.

मी जाहिरातीच्या धंद्यात होते म्हणून एक जोड देते. शहराची बदनामीसुद्धा तितक्याच मेहनतीने घडवलेली असते. न्यूयॉर्क, १९७५. शहराचं दिवाळं निघायच्या बेतात आणि महापालिकेने पोलीस व अग्निशमन दलातली माणसं कमी करायचं ठरवलेलं. तेव्हा त्यांच्या युनियन्सनी एक पत्रक छापलं. पुढच्या पानावर बुरखा पांघरलेली कवटी, वर मथळा: 'भयनगरीत स्वागत'. आत पाहुण्यांसाठी सूचना. संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर येऊ नका. पायी फिरू नका. भुयारी रेल्वे टाळा. मॅनहॅटनच्या बाहेर पाऊल टाकू नका. हे पत्रक विमानतळावर उतरणाऱ्यांच्या हातात द्यायचं. प्रशासन कोर्टात धावलं, त्याने उलट जास्त बोभाटा झाला. गुन्हेगारी होतीच, ती कुणी नाकारत नाही. पण सहानंतर मॅनहॅटन ओस पडत होतं असं नाही. पत्रकाचा हेतू नोकऱ्या वाचवणं हा होता.

आणि दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, ते 'आय लव्ह न्यूयॉर्क'चं लाल हृदयाचं चिन्ह. मिल्टन ग्लेसर यांनी टॅक्सीत बसल्या बसल्या पाकिटावर लाल क्रेयॉनने रेखाटलं, कामाचे पैसे घेतले नाहीत. ते पाकीट आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये आहे. गंमत अशी की ती मोहीम न्यूयॉर्क राज्याच्या वाणिज्य खात्याची, सगळ्या राज्यात पर्यटक यावेत म्हणून. डोंगर, तळी, सगळंच. लोकांनी ते उचलून शहराच्या छातीवर लावलं. त्याच उन्हाळ्यात शहरभर वीज गेली आणि दुकानं लुटली गेली, तरी चिन्ह टिकलं. २०२३ मध्ये शहरासाठी म्हणून त्याचं नवं रूप आणलं तर लोकांनी यथेच्छ टिंगल केली. पैसे आणि एजन्सी दोन्ही वेळा होत्या. दुसऱ्या वेळी लोकांना त्याची गरज नव्हती.


पाटीवाचक

कावळेकाकू, हे भारी आहे. फिरस्ता, तुमचा मुद्दा मी माझ्यात मिळवून घेतो: गरज कुणाची आणि माल कुणाचा, हे दोन वेगळे प्रश्न. उत्सव भरवणाऱ्याला गरज असते, पण गाणं बहुधा दुसऱ्याचंच असतं. आजोबांचे आठ जण त्यातलेच.

तरी वेळापत्रकावर मी ठाम आहे. फुटबॉलचा हंगाम संपला म्हणून भरवलेली सांबाची स्पर्धा एकदाच झाली असती तर आज आपण तिच्याबद्दल बोलत नसतो.


तिरकस

अडवलेली जागा वापरतो. सगळे नाव कसं होतं यावर बोलताय. झाल्यावर काय होतं?

व्हेनिस. १७९७ मध्ये नेपोलियनने प्रजासत्ताक बुडवलं आणि मुखवट्यांचा कार्निव्हलही लयाला गेला. आज जो बघायला लोक लोटतात तो १९७९ च्या सुमाराला पुन्हा उभा केलेला आहे, हिवाळ्यात पर्यटक यावेत हाही त्यात एक हेतू. हेतू भलताच सफल झाला. बेटावरच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते, २०२२ मध्ये ते पन्नास हजारांच्या खाली आले. मुखवट्यांची दुकानं आहेत, नळ दुरुस्त करणारा शोधावा लागतो. २०२४ मध्ये काही ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेश फी घेणं सुरू केलं. शहराला तिकीट!

मला पाटीवाचकांच्या सिद्धांतात हीच उणीव दिसते. गरज कुणाची, पैसा कुणाचा, सगळं विचारलंत. भाडं कुणाचं वाढलं ते विचारलं नाहीत.


बाराखडी

तिरकस, व्हेनिस टोकाचं उदाहरण झालं. जयपूर घ्या. १७२७ मध्ये वसवलेलं शहर, गुलाबी रंग आला १८७६ मध्ये, वेल्सचा राजपुत्र येणार म्हणून सवाई रामसिंहांनी रंगवून घेतलं. म्हणजे पहिली दीडशे वर्षं 'गुलाबी शहर' ही ओळखच नव्हती. आता परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आत बाजारपेठेत दर्शनी भागाला तोच रंग द्यावा लागतो, तसा नियम आहे. लोक त्याच घरांत राहतात, त्याच दुकानांत धंदा करतात, नाव टिकवतात आणि पोटही भरतात. एका पाहुण्यासाठी मारलेला रंग सगळ्या गावाला पुरला.


तिरकस

रंग दुकानदाराच्याच खर्चाने ना?


बाराखडी

होय, सहसा. म्हणजे तुमचा मुद्दा राहिलाच.


आडवाटेची

बाराखडी, पाहुण्यावरून आठवलं, कोलकात्याची गोष्ट कुणीच काढली नाही अजून. शाळेत आपण सगळे शिकलो की ईस्ट इंडिया कंपनीचा जॉब चार्नॉक २४ ऑगस्ट १६९० ला तिथे उतरला आणि त्याने शहर वसवलं. शहर तो दिवस वाढदिवस म्हणून साजरा करायचं, १९९० मध्ये तीनशे वर्षांचा मोठा सोहळाही झाला. यावर तिथल्या जुन्या जमीनदार घराण्यातले लोक कोर्टात गेले: इथे आधीपासून वस्ती होती, गावं होती, बाजार होता, मग संस्थापक हा कसा? कलकत्ता उच्च न्यायालयाने इतिहासकारांची समिती नेमली आणि २००३ मध्ये निकाल दिला की चार्नॉक संस्थापक नाही आणि २४ ऑगस्ट हा शहराचा वाढदिवस नाही. पाठ्यपुस्तकांतूनही ते काढायला सांगितलं.

आणि या निकालाला इतकी वर्षं झाली तरी दर २४ ऑगस्टला शुभेच्छांचे फॉरवर्ड येतातच. मलाही येतात, तिथल्याच मैत्रिणीकडून.


खडूस आजोबा

तिला निकालाची प्रत पाठवलीत की नाही?


आडवाटेची

पाठवली. म्हणाली, मग खरी तारीख सांग, त्या दिवशी पाठवते.